प्रस्तरारोहणाची सुरक्षित सुरुवात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चढाई शिकू पाहणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोप्यापासून अवघडाकडे असा क्रम आहे. नुसतं वाचून दोर हाताळता येत नाही. ते जाणकार माणसासमोर उभं राहून, हातात दोर घेऊनच शिकायचं असतं. पण त्या माणसाला काय विचारायचं आणि कशावर नजर ठेवायची, हे आधी माहीत असलेलं बरं.

१. प्रस्तरारोहण आणि ट्रेकिंग यांत नेमका फरक काय?

ट्रेकमध्ये काम पायांचं असतं, हात अधूनमधून आधाराला लागतात. कातळ इतका उभा झाला की हातापायांनी पकड शोधल्याशिवाय सरकता येत नाही आणि हात सुटला तर माणूस सरळ खाली जाईल, तिथून प्रस्तरारोहण सुरू होतं.

नवख्याला तीन प्रकार माहीत हवेत. बोल्डरिंग म्हणजे बुटक्या कातळावर किंवा भिंतीवर, खाली गादी ठेवून, दोराशिवाय चढणं. टॉप रोपमध्ये दोर आधीच वरच्या अँकरमधून (दोराचा भार पेलणाऱ्या पक्क्या आधारातून) ओवलेला असतो. त्याचं एक टोक चढणाऱ्याला बांधलेलं असतं आणि दुसरी बाजू खाली बिले देणाऱ्याच्या, म्हणजे दोर आवरून पडणं रोखणाऱ्याच्या, हातात असते, त्यामुळे घसरलात तरी थोडंच खाली येता. लीडमध्ये चढणारा दोर खालून वर नेतो आणि वाटेत कातळात कायमच्या ठोकलेल्या बोल्टमध्ये किंवा कपारीत स्वतः लावलेल्या साधनांमध्ये अडकवत जातो. सुरुवात पहिल्या दोहोंपैकी एकाने करावी. लीडसाठी प्रश्न १९ पाहा.

२. फ्री क्लाइंबिंग म्हणजे दोराशिवाय चढणं ना?

नाही. फ्री क्लाइंबिंगमध्ये दोर असतो, फक्त वर जाण्यासाठी त्याला धरायचं किंवा त्यावर भार टाकायचा नसतो. तो पडलात तर झेलायला असतो. दोराशिवायच्या चढाईला फ्री सोलो म्हणतात. ॲलेक्स होनोल्डने जून २०१७ मध्ये अमेरिकेतल्या योसेमिटीतल्या एल कॅपिटनची सुमारे ९०० मीटरची भिंत अशी चढली. त्याआधी त्याने तोच रूट (चढाईची ठरलेली वाट) दोर लावून वारंवार घोकला होता आणि पाठीशी अनेक वर्षांची चढाई होती. व्हिडिओत यातलं फारसं दिसत नाही. ‘थोडंसंच तर आहे’ म्हणून खाली गादी नसताना दोराशिवाय चढून जाणं हा नवख्यांचा नेहमीचा मोह आहे. त्याला बळी पडू नका. चढताना सोपा वाटलेला टप्पा उतरताना जमत नाही, आणि हे कळतं तेव्हा माणूस अडकलेला असतो.

३. मला एकही पुलअप काढता येत नाही. मी चढू शकेन का?

हो. पायांचे स्नायू हातांपेक्षा कितीतरी ताकदवान असतात आणि सोप्या रूटवर शरीर पायांनीच वर ढकलायचं असतं. नवखे लोक उलटं करतात. नजर वर, हात वाकवलेले, सगळा भार दंडांवर. पाचच मिनिटांत मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग दगडासारखा होतो आणि बोटं उघडू लागतात. हात शक्य तितके सरळ ठेवा, कंबर भिंतीजवळ न्या, पाय चवड्याच्या टोकावर ठेवा आणि तो नीट टेकेपर्यंत त्याच्याकडे बघत राहा. सुरुवातीच्या काळात याहून जास्त फायदा कोणत्याच व्यायामाने होत नाही.

४. उंचीची भीती वाटते. ती गेल्यावर सुरू करू का?

ती घालवण्याची वाट बघू नका. उंचीवर भीती वाटणं निरोगी आहे. टॉप रोपवर दोन-तीन मीटर वर जा, बिले देणाऱ्याला ‘टाईट’ (दोर ताणून धर) म्हणा, दोरावर बसा, हात सोडा आणि खाली या. पुढच्या वेळी थोडं वर. दोर आपलं वजन पेलतो हे डोक्याला आधीच पटलेलं असतं. शरीराला पटायला वेळ लागतो. जोडीदार ‘घाबरतोस काय, जा वर’ म्हणत असेल तर जोडीदार बदला.

५. सुरुवात कृत्रिम भिंतीवर करावी की थेट कातळावर?

भिंत जवळ असेल तर भिंतीवर. तिथे अँकर तपासलेले असतात, डोक्यावर दगड येत नाही आणि एका तासात बांधणं, बिले देणं, उतरणं यांची बरीच आवर्तनं होतात. पण भिंतीवर मुरलेला माणूस कातळावर पुन्हा नवखाच असतो, हे मनाशी पक्कं ठेवा. कातळावर होल्डना (हातापायांच्या पकडींना) रंग नसतो, एखादा होल्ड हातात निघून येतो, हवा बदलते, कपारीत मधमाश्यांचं पोळं असू शकतं. तिथली पहिली चढाई अनुभवी माणसाबरोबरच करा. हेल्मेट तिथे चढणाऱ्याने घालायचं आणि खाली उभ्या असलेल्यानेही, कारण दगड खालच्यालाच लागतो. काही सुटलं तर जोरात ‘दगड!’ ओरडायचं. ते ऐकणाऱ्याने वर बघायचं नाही, भिंतीला चिकटायचं.

६. शिकवणारा जाणकार आहे हे नवख्याने कसं ओळखायचं?

तो किती अवघड चढतो यावरून तर नाहीच. तो स्वतःची गाठ दुसऱ्याला तपासायला देतो का ते बघा. तुमची गाठ प्रत्येक वेळी, अगदी सत्राच्या शेवटीही, तपासतो का ते बघा. ‘हा अँकर इथेच का?’ असं विचारल्यावर तो न चिडता कारण सांगतो का? जखमी माणसाला खाली कसं नेणार, जवळची वैद्यकीय मदत कुठे, हे त्याला आधीच ठाऊक आहे का? एका माणसाने वीस जणांना एकाच दोरावर रांगेने चढवलं तर त्याला शिकवणं म्हणता येत नाही. आणि ‘इतक्या वर्षांत काही झालं नाही’ हे उत्तर मिळालं, तर तिथून निघा. काही झालं नाही याचा अर्थ पद्धत बरोबर होती असा होत नाही.

७. आधी काय विकत घ्यावं?

आधी काहीच नको, भाड्याने किंवा शिक्षकाकडचं वापरा. चढाईत मन रमलं की क्रमाने शूज, चॉक बॅग (हात कोरडे ठेवणाऱ्या पावडरीची पिशवी), हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे), हेल्मेट, मग लॉकिंग कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या गेटला लॉक असलेली धातूची कडी) आणि बिलेचं साधन. दोर सर्वांत शेवटी, कारण तो निवडायला आणि सांभाळायला जाण लागते (प्रश्न ९).

शूज घट्ट हवेत, बोटं किंचित वाकलेली, पण दोन मिनिटांत काढावेसे वाटतील इतके नकोत. हार्नेसचा कंबरपट्टा कमरेच्या हाडांच्या वर बसला पाहिजे आणि आवळल्यावर खाली ओढला तरी सरकता कामा नये. जीव ज्यावर टांगला जाणार त्या प्रत्येक वस्तूवर सीई (युरोपीय सुरक्षा खूण) किंवा यूआयएएची (आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघटनेची) खूण शोधा. दोरासाठी ईएन ८९२, हार्नेससाठी ईएन १२२७७, कॅराबिनरसाठी ईएन १२२७५ आणि हेल्मेटसाठी ईएन १२४९२ ही मानकं आहेत. किल्ल्या अडकवायला मिळतात ती कॅराबिनरसारखी दिसणारी कडी चढाईच्या साहित्यात ठेवूच नका. गडबडीत हाताला तीच लागेल.

८. मित्राचा जुना हार्नेस किंवा दोर वापरला तर चालेल का?

कापडी वस्तूंच्या बाबतीत माझं उत्तर नाही असंच आहे, जोपर्यंत त्यांचा पूर्ण इतिहास तुम्हाला माहीत नाही. नायलॉनला आम्ल लागलं तर ते आतून कमकुवत होतं आणि वरून काहीच दिसत नाही. गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी ठेवलेला दोर म्हणूनच धोक्याचा. बरेच उत्पादक कापडी साहित्याला, न वापरताही, बनवल्यापासून जास्तीत जास्त दहा वर्षं देतात. वापर जास्त असेल तर ते त्याच्या खूप आधी बाद होतं.

झिजलेलं साहित्य अनुभव बघून सूट देत नाही. टॉड स्किनर हे अत्यंत मुरलेले अमेरिकन आरोहक २००६ मध्ये योसेमिटीत हार्नेसचा झिजलेला बिले लूप (कमरेचा आणि मांड्यांचा पट्टा जोडणारा समोरचा कापडी फास) तुटून मरण पावले. धातूचं साहित्य जास्त टिकतं, तरी दोराने खोल चर पडलेला किंवा गेट नीट बंद न होणारा कॅराबिनर बाद करा.

९. बाजारात नायलॉनचा जाड, मजबूत दोर मिळतो. तो का नको?

कारण तुटणं हा एकच धोका नाही. पडणाऱ्या माणसाला दोराने हळूहळू थांबवावं लागतं. चढाईचा दोर डायनॅमिक असतो, म्हणजे ताणला जाऊन पडण्याचा झटका पोटात घेतो. न ताणल्या जाणाऱ्या दोरावर पडलात तर तो झटका शरीरावर आणि अँकरवर येतो. सिंगल दोराच्या चाचणीत ८० किलोचं वजन पाडतात. पहिल्या पडण्यातला झटका १२ किलोन्यूटनच्या आत राहावा लागतो आणि दोराने अशी किमान ५ पतनं सोसावी लागतात. १ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोच्या भाराइतका ताण.

दोराच्या टोकावरची खूण वाचा. वर्तुळात १ म्हणजे एकटा वापरता येणारा सिंगल दोर, ½ म्हणजे हाफ, दोन गुंतलेली वर्तुळं म्हणजे ट्विन, हे दोन्ही जोडीने वापरायचे. नवख्याला सुमारे १० मिलिमीटर जाडीचा सिंगल दोर बरा, कारण फार बारीक दोर हातातून लवकर सरकतो. कमी ताणले जाणारे, ‘स्टॅटिक’ म्हटले जाणारे दोर रॅपलिंगला (दोरावरून स्वतः खाली उतरायला) किंवा सामान ओढायला ठीक असतात. त्यावर लीड करायची नाही.

दोरावर पाय देऊ नका, बारीक खडे आत शिरतात. मळला तर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा.

१०. दोर हार्नेसला कुठे आणि कसा बांधायचा? कॅराबिनरने अडकवला तर पटकन होतं.

फिगर ऑफ एटची गाठ दोराच्या टोकाने परत फिरवून बांधायची, आणि ती हार्नेसच्या समोरच्या दोन्ही कापडी कड्यांमधून, खालच्या आणि वरच्याही. म्हणजे बिले लूप ज्या वाटेने जातो त्याच वाटेने. बिले लूप हा बिलेच्या साधनासाठी असतो. गाठ पूर्ण झाली की सगळीकडे दोन-दोन दोर समांतर दिसले पाहिजेत आणि उरलेलं शेपूट किमान वीतभर हवं.

कॅराबिनर फिरून आडवा होऊ शकतो. लांबीच्या दिशेने तो २० किलोन्यूटन सोसत असला, तरी आडव्या ताणात मानक फक्त ७ ची हमी मागतं. काही भिंतींवर टॉप रोपसाठी दोन लॉकिंग कॅराबिनर एकमेकांच्या उलट लावून देतात. तो त्यांचा तपासलेला नियम असेल तर ठीक. लीडला नेहमी गाठच.

११. चढण्याआधी नेमकं काय काय तपासायचं?

या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

लिन हिल या जगातल्या सर्वोत्तम आरोहकांपैकी एक. १९८९ मध्ये फ्रान्समधल्या ब्यू इथे त्यांनी दोर हार्नेसमधून ओवला, मध्येच लक्ष दुसरीकडे गेलं आणि गाठ पुरी झाली नाही. त्या रूट संपेपर्यंत चढल्या. खाली येण्यासाठी दोरावर भार टाकला तेव्हा तो हार्नेसमधून निघून गेला. वीसहून अधिक मीटरवरून त्या पडल्या आणि वाटेत झाड आल्यामुळे वाचल्या. गाठ त्यांना येत नव्हती असं कोण म्हणेल? कौशल्य होतं, साहित्य उत्तम होतं, फक्त दुसऱ्या माणसाने बघितलं नाही.

म्हणून दोघांनी एकमेकांना तपासायचं. चढणाऱ्याचं बक्कल आवळलेलं आहे का, दोर दोन्ही कड्यांतून आहे का, गाठ पूर्ण आहे का. बिलेअरचा कॅराबिनर बिले लूपमध्ये आहे का, लॉक फिरवलेलं आहे का, दोर साधनात योग्य दिशेने आहे का, दोराच्या दुसऱ्या टोकाला गाठ आहे का. नुसती नजर टाकायची नाही, हात लावून दाबून बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं. मग ‘बिले?’, ‘बिले ऑन’, ‘क्लाइंबिंग’, एवढं झाल्यावरच पाय जमिनीवरून उचलायचा.

दोन पथ्यं: गाठ बांधणाऱ्याशी कोणी बोलू नये, आणि मध्येच व्यत्यय आला तर ती पूर्ण सोडून पुन्हा बांधावी. ऑटो बिलेवर (माणसाऐवजी यंत्र बिले देतं तिथे) एकटे चढत असाल तर तपासायला दुसरं कोणी नसतं, आणि तिथले गंभीर अपघात प्रामुख्याने स्वतःला अडकवायचं विसरल्यामुळे होतात. पहिल्या होल्डला हात लावण्याआधी पट्टा ओढून बघा.

१२. बिले देणं सोपं दिसतं. पहिल्याच दिवशी देऊ का?

देखरेखीखाली द्या, एकट्याने नाही. नियम एकच, पण तो कधीही मोडायचा नाही: ब्रेकचा हात, म्हणजे बिलेच्या साधनातून बाहेर येणारा दोर धरणारा हात, दोरावरून सुटता कामा नये. दोर घेताना, देताना, घाम पुसताना, माशी हाकताना, कधीच नाही. हात सरकवायचा असेल तर दुसऱ्या हाताने दोर पकडल्यावरच. सुरुवातीला तुमच्या मागे दुसऱ्या कोणीतरी तोच दोर धरलेला असावा, आणि चढणाऱ्याने मुद्दाम सांगून पडावं. पडणारा माणूस हातात आल्याशिवाय बिले समजत नाही.

उभं राहायचं ते भिंतीजवळ, चढणाऱ्याच्या अगदी खाली नाही, थोडं बाजूला. फोन खिशात.

१३. ग्रिग्रीसारखं साधन दोर आपोआप अडवतं. मग हात सोडला तर काय बिघडलं?

ते अडवायला मदत करतं, हमी देत नाही. दोर फार बारीक असेल, उलटा भरला असेल किंवा घाबरून लिव्हर दाबून धरला गेला, तर दोर धावतो. उतरवताना तर सगळं नियंत्रण ब्रेकच्या हातातच असतं. भरल्यावर दोर झटक्याने ओढून साधन अडतं का ते दर वेळी बघा. बाकी प्रश्न १२ चा नियम इथेही तसाच.

१४. जोडीदार माझ्यापेक्षा खूप वजनदार आहे. बिले देता येईल का?

टॉप रोपवर बहुधा येईल, कारण वरच्या अँकरमधलं घर्षण मदत करतं. तरी चढणारा एक तृतीयांशाहून जास्त जड असेल तर तुम्ही उचलले जाल. हलक्या बिलेअरने जमिनीवरच्या अँकरला किंवा वाळूच्या पिशवीला स्वतःला बांधून घ्यावं. लीडला हा फरक जास्त गंभीर असतो. सुरुवातीला अशी जोडी टाळा.

१५. बोल्डरिंगमध्ये उंची कमी असते. म्हणजे ते जास्त सुरक्षित ना?

जिवाला धोका कमी, पण घोटे आणि मनगटं दुखावण्याची शक्यता जास्त, कारण तिथे प्रत्येक पडणं जमिनीवरच संपतं. म्हणून चढण्याआधी पडायला शिका. पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे सैल, टेकताच वाकून पाठीवर लोळायचं, हात छातीशी. पडताना मागे हात टेकलात तर मनगट किंवा कोपर जातं. शक्यतो उडी न मारता उतरून या.

बाहेर क्रॅश पॅड (पडण्यासाठी अंथरायच्या गाद्या) नीट लावा. दोन पॅडमधली फट घोट्यासाठी वाईट. स्पॉटरचं, म्हणजे खाली उभं राहून लक्ष ठेवणाऱ्याचं, काम झेलणं नसतं. पडणाऱ्याचं डोकं आणि पाठ पॅडवर येतील अशी त्याला दिशा द्यायची. भिंतीखालच्या गादीवर बसून गप्पा मारू नका.

१६. ५.९, ६ए, व्ही २ हे आकडे काय सांगतात?

अवघडपणा, धोका नव्हे. ५ ने सुरू होणारी योसेमिटी पद्धत, ६ए सारखी फ्रेंच पद्धत दोरावरच्या चढाईसाठी, आणि व्ही पद्धत बोल्डरिंगसाठी. ५.१०ए साधारण फ्रेंच ६ए च्या जवळ येतं. ५.१० हे ५.९ च्या पुढचं, त्याला दशांश समजू नका. सोप्या ग्रेडचा रूटही ठिसूळ कातळामुळे किंवा दूरदूरच्या बोल्टमुळे धोक्याचा असू शकतो. म्हणून ग्रेडबरोबर बाकी माहितीही विचारा.

१७. बोटांचे सांधे दुखतात. सराव चालू ठेवू का?

सगळ्या हातात पसरलेला थकवा आणि एका बोटातली नेमकी दुखरी जागा यांत फरक करा. दुसरी असेल तर थांबा. बोटातल्या कंडरांना हाडाशी धरून ठेवणारे पट्टे, ज्यांना आरोहक पुली म्हणतात, ते बारीक होल्डवर ताणले किंवा फाटले जातात, बहुतेकदा मधल्या किंवा अनामिकेच्या बोटात. ‘टक्’ असा आवाज आला, सूज आली, तर डॉक्टरांना दाखवा.

स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, कंडरांना त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो. म्हणून पहिल्या वर्षात हँगबोर्डच्या (बोटांनी लटकून ताकद वाढवायच्या फळीच्या) मागे लागू नका. बोटं मधल्या सांध्यात दुमडून, त्यांवर अंगठा दाबून धरलेला फुल क्रिम्प कमी वापरा, उघड्या पंजाने धरायची सवय लावा. दोन सत्रांमध्ये एक दिवस तरी मोकळा सोडा.

१८. लहान मुलांना कोणत्या वयापासून नेता येईल?

खेळ म्हणून अगदी लहानपणीच. ज्या मुलाची कंबर अजून भरलेली नाही, त्याला पूर्ण अंगाचा हार्नेस हवा, नाहीतर उलटं झाल्यावर ते निसटू शकतं. मोठ्या जोखमीचा काळ पुढे येतो. वाढीच्या वयात बोटांच्या हाडांची टोकं अजून पक्की झालेली नसतात आणि फुल क्रिम्पच्या अतिवापराने तिथे फ्रॅक्चर होतं. बोट आठवडाभर दुखत असलेल्या मुलाला ‘सवय होईल’ म्हणू नका.

१९. लीड कधी सुरू करावी?

टॉप रोपवर गाठ, बिले आणि उतरणं अंगवळणी पडल्यावर, आणि तीही शिक्षकाबरोबर. आधी जमिनीवर उभं राहून दोन्ही हातांनी क्विकड्रॉमध्ये (पट्टीने जोडलेल्या दोन कॅराबिनरमध्ये, ज्यातला एक बोल्टला लावतात) दोर अडकवायचा सराव करा. दोर भिंतीच्या बाजूने येऊन तुमच्याकडे बाहेर पडला पाहिजे. उलटा अडकवला तर पडताना तो गेट उघडून निसटू शकतो. दोर पायाच्या मागे राहिला तर पडताना माणूस उलटा होतो. पहिले दोन-तीन बोल्ट होईपर्यंत पडलात तर जमीन गाठण्याची शक्यता असते, तेव्हा पहिले लीड सहज जमणाऱ्या रूटवर करा.

२०. चढताना सगळं नीट होतं. मग उतरताना अपघात का होतात?

लक्ष सैल होतं आणि सगळा भार एकाच व्यवस्थेवर येतो. सर्वांत टाळता येण्याजोगा अपघात म्हणजे दोर संपणं. ६० मीटरच्या दोराने ३० मीटरपेक्षा उंच रूटवरून उतरवता येत नाही, आणि वापरलेला दोर आटलेलाही असतो. टोकाला गाठ असेल तर तो साधनात अडतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॅड गोब्राइट हे नामवंत आरोहक मेक्सिकोतल्या एल पोट्रेरो चिकोमध्ये रॅपलिंग करताना दोराच्या टोकावरून निसटून पडले आणि मरण पावले. टोकांना गाठी नव्हत्या.

दुसरं कारण गैरसमजाचं. वर गेलेला म्हणतो ‘झालं’, खालचा समजतो बिले सोडायला सांगितलं. वर पोचल्यावर कसं उतरणार, बिलेवरून की रॅपलने, हे जमिनीवरच ठरवा. ‘ऑफ बिले’ हे शब्द स्पष्ट ऐकल्याशिवाय दोर सोडू नका.

२१. पाऊस थांबून ऊन पडलं. लगेच चढू का?

कातळाच्या जातीवर अवलंबून आहे. ग्रॅनाइट, बेसॉल्ट वरून सुकले की बहुधा चढता येतात. वालुकाश्म मात्र आत पाणी धरतो आणि ओला असताना त्याची ताकद घटते, होल्ड तुटतात. त्यासाठी एक-दोन दिवस, कधी जास्त थांबा. गडगडाट ऐकू आला तर उरलेला रूट विसरून खाली या.

२२. अंगठी, चष्मा, लांब केस यांचं काय?

अंगठी काढाच. ती होल्डवर अडकली आणि शरीर खाली आलं तर बोटाची कातडी सोलवटून निघते. केस घट्ट बांधा, बिलेच्या साधनात ओढले जातात. चष्मा चालेल, मागे दोरी लावा.

२३. वर एक मोठं झाड आहे. त्याला दोर बांधून स्वतःच टॉप रोप लावू का?

शिकण्याआधी नाही. जिवंत, जाड, खोल मुळांचं झाड चांगला अँकर असू शकतं, पण ते ओळखणं हा निम्माच भाग. किमान दोन स्वतंत्र बिंदू हवेत, म्हणजे एक गेला तरी दुसरा राहील. त्यांच्यातला कोन लहान हवा. ६० अंशांवर प्रत्येकावर भाराचा सुमारे ५८ टक्के ताण येतो, १२० अंशांवर प्रत्येकावर पूर्ण १०० टक्के. अँकर काठापलीकडे यावा, म्हणजे दोर धारेवर घासणार नाही. आणि चढाईचा दोर कधीही थेट स्लिंगमधून (अँकरला लावलेल्या कापडी पट्टीच्या फासातून) ओवू नका. कापडावर कापड घासून उष्णता होते आणि स्लिंग वितळून तुटते. मध्ये लॉकिंग कॅराबिनर हवेत, दोन असतील तर उत्तम, गेट उलट दिशांना.

२४. मी स्लिंगने अँकरला अडकलो आहे. मग वर सरकून बसलो तर काय होतं?

घसरलात तर जास्तीत जास्त मीटरभर पडाल, म्हणून लोकांना ते निरुपद्रवी वाटतं. पडण्याचा झटका अंतरापेक्षा एका गुणोत्तरावर ठरतो: पडलेलं अंतर भागिले झेलणाऱ्या दोराची लांबी. २० मीटर डायनॅमिक दोरावर ४ मीटर पडलात तर ते ०.२. मीटरभर स्लिंगवर अँकरच्या पातळीपासून पडलात तर १, त्याच्या वरून पडलात तर २ पर्यंत. शिवाय स्लिंग, विशेषतः डायनिमा या बळकट कृत्रिम धाग्याची, जवळजवळ ताणली जात नाही. गाठ मारलेल्या डायनिमा स्लिंग अशा छोट्या पतनात तुटल्याचं चाचण्यांत दिसलं आहे. अँकरच्या खालीच राहा, स्लिंगवर भार ठेवून. हलायचं असेल तर चढाईच्या दोरानेच स्वतःला बांधून घ्या.

२५. जोडीदार दोरावर बेशुद्ध लटकला तर?

त्याला लगेच, पण नियंत्रणाने खाली आणा. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साठतं आणि काही मिनिटांतच प्रकृती ढासळू शकते. जमिनीवर आडवं झोपवा. बसवून ठेवण्याचा जुना सल्ला आता दिला जात नाही. श्वास तपासा, मदत बोलवा. श्वास नसेल तर छातीदाब सुरू करा. मार लागून पडला असेल तर मान आणि पाठ दुखावलेली असेल असं धरूनच चला, वरून दगड येत नसतील तर त्याला हलवू नका आणि अंगावर ऊबदार काहीतरी घाला.